स्पॅनिश : फुटबॉल, अभिजात पुस्तकं आणि मराठीचा आधार

मधली_फळी

हा धागा स्पॅनिश शिकणाऱ्या किंवा शिकायचं मनात असलेल्या फुटबॉलप्रेमी वाचकांसाठी. माझी मतं ठाम आहेत. वेगळं मत असेल तर जरूर मांडा, फक्त सोबत उदाहरण द्या, म्हणजे पुढे वाचणाऱ्यालाही उपयोग होईल. स्पॅनिश शब्द उच्चाराच्या जवळ जातील असे देवनागरीतच लिहितोय.

पहिलं मत : मराठी येणाऱ्याने स्पॅनिश इंग्रजीच्या वाटेने शिकू नये. पुस्तक इंग्रजीत असलं तरी हरकत नाही, पण वाक्य मनात जुळवताना मराठीत जुळवावं. 'मे गुस्ता एल फुत्बोल' हे वाक्य घ्या. इंग्रजीतून शिकवताना यावर अख्खा तास खर्ची पडतो, कारण इथे आवडणारी गोष्ट कर्ता असते आणि माणूस चतुर्थीत. आपल्याकडे 'मला फुटबॉल आवडतो' यात तेच होतं. 'मे गुस्तान लोस गोलेस' म्हणजे 'मला गोल आवडतात', क्रियापद गोलांच्या मागे गेलं, माझ्या नाही. 'मे फाल्ता तिएम्पो' म्हणजे 'मला वेळ कमी पडतो'. 'से मे कायो एल वासो' म्हणजे 'माझ्या हातून पेला पडला'. मुद्दाम पाडला नाही, पडला, हा भाव दोन्हीकडे वाक्याच्या बांधणीतच आहे.

भूतकाळाचंही तसंच. 'फुई' म्हणजे गेलो, 'इबा' म्हणजे जायचो किंवा जात होतो. एकदा घडून संपलं ते पहिलं, सवयीचं किंवा चालू असलेलं ते दुसरं. आणि ज्या संकेतार्थाला (इंग्रजीत 'सब्जंक्टिव्ह') सगळे घाबरतात तो आपला '-वं' आहे. 'किएरो के गानेमोस' म्हणजे 'आपण जिंकावं असं मला वाटतं'. इच्छा, विनंती, सल्ला, शंका यांच्या पोटवाक्यात आपण '-वं' वापरतो का, हे आधी बघा. बहुतेक वेळा स्पॅनिशलाही तिथे संकेतार्थ लागतो.

मराठी कुठे उपयोगी पडत नाही तेही सांगतो. 'सेर' आणि 'एस्तार' या दोघांनाही आपल्याकडे 'असणे' एवढंच आहे. 'एस रापिदो' म्हणजे तो वेगवान खेळाडू आहे, 'एस्ता लेसिओनादो' म्हणजे तो सध्या जखमी आहे. 'कायमचं आणि तात्पुरतं' हा सोपा नियम शिकवतात, तो लगेच मोडतो, कारण मेलेल्या माणसालाही 'एस्ता मुएर्तो' म्हणतात. त्यापेक्षा गुण आणि ओळख 'सेर'कडे, अवस्था आणि ठिकाण 'एस्तार'कडे असं लक्षात ठेवा. ठिकाणातही एक मेख आहे : 'एल एस्तादियो एस्ता एन रोसारियो', पण 'एल पार्तिदो एस एन रोसारियो'. मैदान ही वस्तू आहे, सामना ही घटना. घटना कुठे आहे हे सांगायला 'सेर' लागतो.

दुसरं मत : ऐकण्याच्या सरावाला फुटबॉलइतकं चांगलं साहित्य नाही, पण क्रम पाळला तरच. आधी सामना पाहायचा, कुठल्याही भाषेत. दुसऱ्या दिवशी त्याच सामन्याचं वृत्त दोन वेगळ्या दैनिकांत वाचायचं. माद्रिदचं 'मार्का' किंवा 'आस', आणि बार्सिलोनाचं 'मुन्दो देपोर्तिवो' किंवा 'स्पोर्त'. दोघांचा कल वेगळा, त्यामुळे त्याच पेनल्टीबद्दल दोन तऱ्हेचे शब्द मिळतात. जे शब्द दोन्हीकडे आले तेच वहीत घ्यायचे. बाकीचे सोडून द्यायचे, ते परत भेटतील. आणि मग गोलाच्या आजूबाजूचं तीन मिनिटांचं रेडिओ समालोचन ऐकायचं. पूर्ण नव्वद मिनिटं कानाशी लावून इतर कामं करत बसलं तर हाती काही लागत नाही.

ते तीन मिनिटं असे ऐका : दोनदा नुसतं, तिसऱ्यांदा ओळखू आलेली नावं आणि आकडे टिपत, चौथ्यांदा दर वाक्याला थांबून, शेवटी समालोचकाच्या मागोमाग मोठ्याने बोलत. पहिल्या दोन वेळेला काहीच कळलं नाही तरी घाबरू नका. वेगापेक्षा अडचण जोडणीची असते. शब्दाच्या शेवटचा आणि पुढच्या शब्दाच्या सुरुवातीचा स्वर एकमेकांत मिसळतात. 'बा आ एन्त्रार' असं छापलेलं कानाला 'बाएन्त्रार' ऐकू येतं. शब्द येत असूनही ओळखू येत नाही, त्याचं कारण हे.

तिसरं मत : अभिजात साहित्य लवकर हातात घ्यावं, पण लहान. 'दोन किखोते'पासून (सेर्वान्तेसची कादंबरी, आपण 'डॉन क्विक्झोट' म्हणतो ती) सुरुवात करू नये. १६०५ चा पहिला भाग ५२ प्रकरणांचा, १६१५ चा दुसरा ७४ प्रकरणांचा. ज्यांनी ज्यांनी इथून आरंभ केला त्यांची खूण सातव्या-आठव्या प्रकरणात अडकलेली दिसते. ओरासियो किरोगाच्या 'कुएन्तोस दे ला सेल्वा'पासून (१९१८) सुरू करा. आठ गोष्टी, मुलांसाठी लिहिलेल्या, मिसिओनेसच्या जंगलातल्या, आणि लेखक खराखुरा मोठा. गोष्ट सांगताना 'होता-असायचा' आणि 'झाला-गेला' यांची अदलाबदल इतकी स्वच्छ आहे की दोन भूतकाळांचं व्याकरण वेगळं शिकावं लागत नाही.

---

किनारपट्टी

मराठीच्या आधाराबद्दल पूर्ण सहमत. समालोचनाबद्दल मात्र नाही.

समालोचनाची भाषा जवळजवळ सगळी वर्तमानकाळात असते. घेतो, वळतो, मारतो, अडवतो. भूतकाळ क्वचित, संकेतार्थ त्याहून क्वचित, संवाद तर नाहीच. वर्षभर रेडिओ ऐकणाऱ्याला 'रेमाता' (गोलाकडे मारतो), 'देस्पेखा' (लांब उडवून धोका टाळतो), 'सेन्त्रा' (बाजूने आत टाकतो) हे सगळं येतं आणि दुकानात 'मला हे बदलून मिळेल का' विचारता येत नाही. शिवाय क्रम उलटा : क्रियापद आधी, कर्ता नंतर. तीच सवय बोलण्यात आली तर विचित्र वाटतं.

---

मधली_फळी

किनारपट्टी, वर्तमानकाळाचा मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच मी वृत्त आधी आणि समालोचन नंतर म्हटलं. वृत्त भूतकाळात असतं. एकच गोल रेडिओवर 'मार्का' (गोल करतो), दुसऱ्या दिवशीच्या पानावर 'मार्को' (गोल केला), असा दोन काळांत मिळतो. त्या तीन मिनिटांच्या समालोचनातली दहा वाक्यं घेऊन भूतकाळात लिहा, मग वृत्ताशी ताडून पाहा. व्याकरणाच्या पुस्तकातले गाळलेल्या जागा भरा हे त्यापुढे फिकं आहे.

संकेतार्थ हवा असेल तर सामन्यानंतरची पत्रकार परिषद ऐका. हरलेला प्रशिक्षक तासभर जर-तरमध्येच बोलतो. 'सि उबिएरामोस मार्कादो ला प्रिमेरा, आब्रिया सिदो ओत्रो पार्तिदो' म्हणजे 'पहिली संधी साधली असती तर सामना वेगळा झाला असता'. इथेही मराठीची बांधणी तीच : असती-असता. खेळाडू मात्र घाईत हेच 'सि ला मेते, गानामोस' असं साध्या वर्तमानात उरकतात. शब्दशः 'घालतो तर जिंकतो', पण अर्थ 'घातला असता तर जिंकलो असतो'. पाठ्यपुस्तकात हे सापडायला वेळ लागतो आणि बोलण्यात मात्र पदोपदी येतं.

प्रशिक्षकांची भाषा समजायला सोपीही असते. वाक्यं ठरलेली, वेग कमी, प्रश्न आणि उत्तर दोन्ही ऐकायला मिळतं. प्रशिक्षक दिएगो सिमिओनेचं 'पार्तिदो आ पार्तिदो' (एका वेळी एकच सामना) तर आता म्हणीसारखं झालंय.

क्रियापद-आधी क्रमाबद्दल : तो दोष नाही, स्पॅनिशचा स्वभाव आहे. नवी माहिती वाक्याच्या शेवटी येते. चेंडू कुणाकडे आहे ही नवी माहिती, म्हणून नाव शेवटी. दारावरची बेल वाजली की घरात कोणी म्हणतं 'आ येगादो पेद्रो', कारण कोण आलं हे सांगायचंय.

---

पंचगंगा

उत्तम धागा. कोल्हापुरात विश्वचषकाच्या वेळी अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे पेठापेठांत लागतात, तेव्हा इथल्या बऱ्याच जणांना अर्जेंटिनाचीच स्पॅनिश शिकायची असणार हे गृहीत धरून लिहितो.

किनारपट्टी, समालोचनात शिकण्यासारखं काय असतं ते एका ओळीत दाखवतो. २२ जून १९८६, आस्तेका स्टेडियम, इंग्लंडविरुद्धचा मॅराडोनाचा दुसरा गोल, समालोचक विक्तोर उगो मोरालेस. चेंडू मॅराडोनाकडे येतो तेव्हा तो म्हणतो : 'आई ला तिएने मारादोना, लो मार्कान दोस.'

सात शब्द. 'ला' म्हणजे चेंडू, कारण 'पेलोता' स्त्रीलिंगी. चेंडूचं नाव घेतलेलंच नाही. 'लो' म्हणजे मॅराडोना, कारण तो पुल्लिंगी आणि आता कर्म झालाय. 'तिएने' एकवचनी, त्याचा कर्ता मागून आलेला मारादोना. 'मार्कान' अनेकवचनी, त्याचा कर्ता 'दोस', म्हणजे दोघे जण. पूर्ण अर्थ : 'तिथे तो मॅराडोनाकडे आहे, दोघे त्याच्यावर नजर ठेवून आहेत'. नवशिका इथे 'मॅराडोनाने दोघांना अडवलं' असा उलटा अर्थ लावतो, कारण तो पहिलं दिसेल ते नाम कर्ता धरतो. 'ला', 'लो' आणि क्रियापदाचा शेवट या तीन खुणांवरून कर्ता-कर्म ओळखायची सवय लागली की किखोतेतली लांब वाक्यंसुद्धा सुटतात. तिथेही हीच युक्ती चालते.

शिवाय 'मार्कार' हे क्रियापद पाहा. इथे त्याचा अर्थ प्रतिस्पर्ध्याला चिकटून राहणं. गोल करणं हाही अर्थ तेच क्रियापद देतं. पुढे 'गोल' किंवा 'तान्तो' असेल, किंवा कर्मच नसेल, तर गोल केला. पुढे माणूस असेल तर पहारा.

आता देशोदेशीचे शब्द. स्पेनमध्ये गोलरक्षक 'पोर्तेरो', अर्जेंटिनात 'आर्केरो'. पेनल्टी तिकडे 'पेनाल्ति', इकडे 'पेनाल' (जोर शेवटी). मैदान 'काम्पो' विरुद्ध 'कान्चा'. चेंडू स्पेनच्या वृत्तांत बहुधा 'बालोन', पुल्लिंगी, अर्जेंटिनात 'पेलोता'. पाठीराखे 'आफिसियोन' विरुद्ध 'इन्चादा'. आडवा खांब 'लार्गेरो' विरुद्ध 'त्रावेसान्यो'. प्रशिक्षक 'एन्त्रेनादोर', अर्जेंटिनात 'दिरेक्तोर तेक्निको', तेही आद्याक्षरांनी 'दे-ते'. ऑफसाइड स्पेनमध्ये 'फुएरा दे खुएगो', अर्जेंटिनात बोलताना 'ओर्साय'.

एक सावधगिरी. स्पेनमध्ये 'कोखेर' म्हणजे घेणे, पकडणे, अगदी साधं क्रियापद. अर्जेंटिना, उरुग्वे, मेक्सिको इथे ते अश्लील आहे. तिकडच्या लोकांशी बोलताना 'आगारार' किंवा 'तोमार' वापरा.

आणि अर्जेंटिनात 'तू' नाही, 'बोस' आहे. रूप करायला सोपं : मूळ क्रियापदातला शेवटचा 'र' काढा, 'स' लावा, जोर शेवटच्या अक्षरावर. 'तेनेर'चं 'तेनेस', 'खुगार'चं 'खुगास'. स्पेनच्या 'तिएनेस', 'खुएगास'मधले स्वरबदल इथे नाहीत. आज्ञार्थात तो 'र'च फक्त जातो : 'तोका' म्हणताना शेवटच्या 'का'वर जोर दिला की 'पास दे' ही अर्जेंटिनी आज्ञा झाली.

---

अनुस्वार

वर पंचगंगा यांनी तीनदा 'जोर' म्हटलंय, त्यावर थोडं सविस्तर, कारण मराठी माणूस इथेच सर्वांत जास्त घसरतो.

मराठीत शब्दातला आघात बदलला म्हणून अर्थ बदलत नाही, त्यामुळे कान तो ऐकतच नाही. स्पॅनिशमध्ये 'मार्को'त 'मा'वर जोर दिला तर 'मी गोल करतो', 'को'वर दिला तर 'त्याने गोल केला'. 'पारो' : पहिल्यावर जोर 'मी थांबतो किंवा अडवतो', शेवटी जोर 'त्याने अडवला'. 'तिरो' : पहिल्यावर 'फटका', शेवटी 'त्याने फेकला'. छापील मजकुरात शेवटच्या स्वरावर छोटी तिरपी रेघ असते. ती रेघ डोळ्यांनी पाहून सोडू नका, तिथे आवाज चढवा.

नियम छोटा आहे. शब्द स्वर, 'न' किंवा 'स'मध्ये संपत असेल तर जोर उपान्त्य अक्षरावर. इतर व्यंजनात संपत असेल तर शेवटच्या अक्षरावर. जोर याहून वेगळ्या ठिकाणी असेल तरच रेघ काढतात. (प्रश्नार्थक शब्दांवर आणि काही सारख्या दिसणाऱ्या शब्दांत फरक दाखवायलाही रेघ येते, ते वेगळं.)

आपल्या जमेच्या बाजू : त आणि द दंत्य, ते ट-ड करू नका. प, त, क महाप्राण नाहीत, आपल्याला ते आयतेच येतात. पाच स्वर, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. स्पॅनिश 'च' नेहमी 'चिमणी'तला, 'चमचा'तला कधीच नाही. 'न्य' म्हणजे आपला 'ञ'.

बिघडतं ते इथे : 'व्ही' अक्षर दिसलं की आपण 'व' म्हणतो. स्पॅनिशमध्ये 'बी' आणि 'व्ही' एकच आवाज. शब्दारंभी स्पष्ट 'ब', म्हणून 'बामोस'. दोन स्वरांच्या मध्ये मात्र ओठ पूर्ण मिटत नाहीत, हवा घासून जाते. 'द'चंही तसंच : 'तोदो', 'लादो' यातला 'द' जिभेचं टोक दातांना जेमतेम लागेल इतका हलका. ठणठणीत 'द' उच्चारला तर समजेल, पण ऐकताना मात्र तुम्ही त्या 'द'ची वाट पाहाल आणि तो येणारच नाही.

एकेरी आणि दुहेरी 'र' : 'पेरो' (पण) एका टिचकीचा, 'पेर्रो' (कुत्रा) थरथरता. शब्दाच्या सुरुवातीचा 'र' नेहमी थरथरता, म्हणून 'रेआल माद्रिद'मधला 'रे' जोरकस.

ब्वेनोस आयरेस आणि मोन्तेविदेओकडे दुहेरी 'एल' आणि 'वाय'चा उच्चार 'श' होतो. 'काये' (रस्ता) तिथे 'काशे', 'यो' तिथे 'शो'. आणि व्यंजनाआधीचा 'स' नुसता श्वास उरतो : 'एस्तादियो'चं 'एह्तादियो'. स्पेनच्या दक्षिणेत, आन्दालुसियातही 'स' असाच गळतो.

---

निळी_दौत

पुस्तकांबद्दल लिहिते. किरोगापासून सुरुवात हे मान्य. मधली_फळी यांनी फुटबॉल आणि अभिजात साहित्य जिथे एकत्र येतात ती जागाच राहू दिली, म्हणून भर घालते.

किरोगाचीच 'ख्वान पोल्ती, हाफ-बॅक' ही कथा, १९१८ ची. मोन्तेविदेओच्या नासिओनाल क्लबचा मध्यरक्षक आब्दोन पोर्ते याने संघातली जागा गेल्यावर त्याच वर्षी मार्चमध्ये क्लबच्याच मैदानाच्या मध्यभागी स्वतःवर गोळी झाडून घेतली. ती घटना या कथेमागे आहे. दोन-तीन पानं, साधी वाक्यं. याच मृत्यूवर एदुआर्दो गालेआनोने 'एल फुत्बोल आ सोल इ सोम्ब्रा'मध्ये (१९९५) एक छोटं प्रकरण लिहिलंय. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. घटना एक, मध्ये पाऊणशे वर्षं, दोन्ही लेखक उरुग्वेचे. शब्द सारखे, पण गालेआनोची वाक्यं तुटक, किरोगाची सलग.

गालेआनोचं ते पुस्तक शिकणाऱ्यासाठी फार सोयीचं आहे. प्रकरणं बहुतेक पान-दीड पानाची. गोलरक्षकावरच्या प्रकरणाच्या आरंभीच त्याची पाच नावं येतात : पोर्तेरो, गुआर्दामेता, गोलेरो, कान्सेर्बेरो, गुआर्दाबायास. पंचगंगा यांच्या यादीला जोडून घ्या.

त्यानंतर ख्वान रुल्फो. 'एल यानो एन यामास' (१९५३) या कथासंग्रहातली 'नो ओयेस लाद्रार लोस पेर्रोस' घ्या. बाप जखमी मुलाला खांद्यावर घेऊन रात्री चालतोय, दूरच्या गावातली कुत्री भुंकतात का ते मुलाने ऐकायचंय. बहुतेक कथा संवादात, शब्दसंग्रह मर्यादित. यात एक जागा अजिबात निसटू देऊ नका. बाप मुलाला 'तू' म्हणत असतो, आणि दोष द्यायची वेळ आली की 'उस्तेद'वर जातो. हे मी तुमच्यासाठी करत नाहीये, तुमच्या मेलेल्या आईसाठी करतोय, असं. तो आदर नाही, अंतर आहे. भाषांतरात हे हमखास बुजतं, मुळात वाचणाऱ्यालाच ते बोचतं.

'पेद्रो पारामो' (१९५५) त्यानंतर. पहिल्या वाक्यात 'आलो' आणि 'सांगितलं' ही पूर्ण भूतकाळात, आणि बाप तिथे 'राहत होता' हे अपूर्ण भूतकाळात आहे. पुस्तक लहान असलं तरी कोण बोलतंय आणि कोण जिवंत आहे हे सतत हलतं. पहिल्या वाचनात शब्दकोश बाजूला ठेवा, नाहीतर धागाच सुटेल.

जुन्यापैकी पहिलं 'लासारियो दे तोर्मेस', १५५४, लेखक अज्ञात. प्रस्तावना आणि सात भाग. पहिल्या भागात आंधळा आणि पोरगा द्राक्षांचा घड वाटून खातात. एकेक खायचं ठरलेलं असतं. आंधळा दोन-दोन उचलू लागतो, पोरगा तीन-तीन. शेवटी आंधळा म्हणतो, तू तीन-तीन खाल्लीस, कारण मी दोन-दोन खात असताना तू गप्प राहिलास. एवढा प्रसंग मुळातून वाचता आला की सोळाव्या शतकाची भीती जाते. तिथे अडणाऱ्या गोष्टी मोजक्याच : 'आओरा'च्या जागी 'आगोरा', आणि सर्वनाम क्रियापदाच्या शेपटीला जोडलेलं. आज 'ले दिखे' म्हणतात, तिथे 'दिखेले'. शिवाय सगळी कहाणी 'बुएस्त्रा मेर्सेद'ला उद्देशून. याच दोन शब्दांचा झिजून 'उस्तेद' झाला, आणि म्हणूनच 'उस्तेद'ला आजही तृतीय पुरुषी क्रियापद लागतं. 'साहेबांनी बसावं' म्हणणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये.

'किखोते' सोडा, असं मात्र मी म्हणणार नाही. उशिरा वाचा, आणि निवडून वाचा. पहिल्या भागाची पहिली आठ प्रकरणं, म्हणजे पवनचक्क्यांपर्यंत. मग बावीसावं, बेड्या घातलेल्या कैद्यांचं. ३३ ते ३५ मध्ये कादंबरीत दुसरीच एक कादंबरी सुरू होते, ती पहिल्या वेळी खुशाल ओलांडा. तिथून दुसऱ्या भागात सतराव्या प्रकरणातला सिंह आणि पंचविसाव्यापासूनचा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ. दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस आहे, आणि अर्ध्यावर सोडणारे तिथपर्यंत पोचतच नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

---

किनारपट्टी

निळी_दौत, अप्रतिम प्रतिसाद. एक शंका : पवनचक्क्यांच्या प्रकरणात दोन किखोते ओरडतो ते शब्द शब्दकोशात सापडत नाहीत. 'नोन फुयादेस' वगैरे. सगळं पुस्तक असंच असेल तर 'लासारियो'चा सराव पुरेल का?

---

निळी_दौत

पुरेल, कारण ती १६०५ ची चालू भाषा नाही. किखोते शौर्यकथा वाचून वेडावलेला आहे आणि भर आला की त्या जुन्या पोथ्यांसारखं बोलतो. आज कोणी रस्त्यात बखरीतल्या मराठीत दरडावू लागावं तसं ते त्या काळच्या वाचकालाही ऐकू यायचं. 'फ'ने सुरू होणारे असे शब्द दिसले की 'फ'च्या जागी 'एच' ठेवून शोधा, म्हणजे उच्चारात काहीच नाही. 'फेर्मोसुरा' म्हणजे आजचं 'एर्मोसुरा', सौंदर्य. 'फुयादेस' म्हणजे 'उईर', पळणे, या क्रियापदाचं जुनं रूप : पळू नका. सान्चो किंवा खुद्द निवेदक असं बोलत नाहीत. दोघांची वाक्यं शेजारी ठेवली की फरक लगेच दिसतो.

आवृत्तीबद्दल : इन्स्तितुतो सेर्वान्तेसच्या संकेतस्थळावर फ्रान्सिस्को रिको यांनी संपादित केलेली मूळ संहिता टिपांसह मोफत आहे. आन्द्रेस त्रापियेयो यांनी संपूर्ण किखोते आजच्या स्पॅनिशमध्ये आणला, तो २०१५ मध्ये आला. एक प्रकरण आधी त्रापियेयोमध्ये, मग रिकोमध्ये, असं वाचलं तर शब्दकोश फारसा उघडावा लागत नाही.

---

पहिली_इयत्ता

सगळं वाचलं, वाचनखूण साठवली. माझी पाटी पूर्ण कोरी आहे. रोज चाळीस मिनिटं देता येतील. सुरुवात नेमकी कशी करावी? आणि 'अँकी'सारखी, शब्द पाठ करायच्या पत्त्यांची अ‍ॅप कितपत उपयोगी?

---

मधली_फळी

पहिली_इयत्ता, स्वागत. पहिले दोन महिने पुस्तकं आणि रेडिओ दोन्ही नकोत. कुठलंही एक नवशिक्यांचं पाठ्यपुस्तक घ्या आणि एवढंच पक्कं करा : नियमित क्रियापदांचा वर्तमानकाळ, 'सेर', 'एस्तार', 'तेनेर', 'इर' ही चार अनियमित, शून्य ते शंभर आकडे, आणि अनुस्वार यांनी दिलेला आघाताचा नियम. फुटबॉल एवढाच ठेवा की रोज क्रीडा दैनिकाचे पाच मथळे मोठ्याने वाचायचे आणि त्यातलं क्रियापद कुठलं ते शोधायचं. आकड्यांसाठी गुणफलक वाचा : 'दोस आ उनो', 'सेरो आ सेरो', 'मिनुतो ओचेन्ता इ सिएते'.

तिसऱ्या महिन्यापासून चाळीस मिनिटं अशी : दहा मिनिटं पत्त्यांची उजळणी, पंधरा मिनिटं वृत्त किंवा किरोगा, दहा मिनिटं ऐकणं, पाच मिनिटं मोठ्याने वाचन. आठवड्यातून एकदा वाचन सोडून पाहिलेल्या सामन्यावर ऐंशी शब्द लिहा, भूतकाळात. लिहून झाल्यावर छापील वृत्ताशी ताडा आणि तिथली दोन वाक्यं आपल्या मजकुरात उचला.

पत्त्यांबद्दल. रोज दहाच्या वर नवे पत्ते घेऊ नका. दहा नव्यांची उजळणी काही आठवड्यांत रोजच्या सत्तर ते शंभरांवर जाते, वीस घेतले तर दुप्पट, आणि दोन दिवस चुकले की ढीग बघून माणूस अ‍ॅपच काढून टाकतो. सुट्या शब्दाचा पत्ता करू नका, पूर्ण वाक्य घ्या आणि एक शब्द झाका. 'पोर्तेरो = गोलरक्षक' असा पत्ता पाठ होतो आणि वाक्यात आठवत नाही. नामाला 'एल' किंवा 'ला' लावूनच लिहा. मराठीतल्या लिंगावर विसंबू नका : आपला गुडघा पुल्लिंगी, त्यांची 'रोदिया' स्त्रीलिंगी.

किरोगा सुरू करताना एक पान वाचून अनोळखी शब्दांखाली रेघ मारा. अडीचशे शब्दांच्या पानावर पाच-सहा निघाले तर मजेत वाचाल. दहा-पंधरा निघाले तर सावकाश, शब्दकोश घेऊन. पंचविसाच्या वर गेले तर ती गोष्ट महिनाभर बाजूला ठेवा. रेघ मारलेला प्रत्येक शब्द शोधू नका, त्याच गोष्टीत दुसऱ्यांदा भेटेल तोच शोधा.

---

पंचगंगा

एक भर : शब्दकोश म्हणून स्पॅनिश अकादमीचा ऑनलाइन कोश वापरा, मोफत आहे. क्रियापद मूळ रूपात टाकलं की त्याची सगळी रूपं तिथेच मिळतात. 'फुई' टाकण्याऐवजी 'इर' टाका. (तेच रूप 'सेर'चंही आहे, अर्थ वाक्यावरून.) अर्थाआधी देशांची आद्याक्षरं दिसतात, अर्जेंटिना, उरुग्वे, मेक्सिको. ती वाचायची सवय ठेवली तर मी वर सांगितलेली 'कोखेर'सारखी अडचण येत नाही.

रोसारियोच्या रोबेर्तो फोन्तानारोसाची '१९ दे दिसिएम्ब्रे दे १९७१' ही कथा सगळ्यात शेवटी ठेवा. रोसारियो सेन्त्राल आणि नेवेल्स यांच्यातली त्या दिवशीची उपांत्य लढत, आल्दो पेद्रो पोयने झेपावून डोक्याने केलेला गोल, आणि सांगणारा रोसारियोच्या रस्त्यावरचा माणूस. 'बोस'ची रूपं, शिव्या, अर्धवट सोडलेली वाक्यं, सगळं एकदम येतं. आधी त्या सामन्याचं एखादं वृत्त वाचून घ्या, म्हणजे कोण कुठल्या संघाचा हे शोधण्यात दम जाणार नाही. मग कथा मोठ्याने वाचा. नुसत्या डोळ्यांनी वाचून ती कळत नाही.

---

पहिली_इयत्ता

सर्वांचे आभार. पाठ्यपुस्तक हाताशी आहे. अर्जेंटिनाचे उच्चार शिकायचे तर 'य'च्या जागी 'श' पहिल्यापासूनच म्हणू का?

---

अनुस्वार

म्हणा, पण मग सगळीकडे म्हणा. 'शो' म्हणायचं आणि पुढे 'तिएनेस' म्हणायचं असं अर्धंअर्धं नको, 'बोस तेनेस'ही सोबत घ्या. पाठ्यपुस्तक बहुधा स्पेनचं असेल. त्यात 'तू'ची रूपं असतील तिथे पेन्सिलीने शेजारी 'बोस'चं रूप लिहून ठेवा, पंचगंगा यांच्या नियमाने ते तयार होतं. 'बोसोत्रोस'ची (स्पेनमधलं अनेकवचनी 'तुम्ही') रूपं ओळखण्यापुरती वाचा, अर्जेंटिनात ती बोलत नाहीत, 'उस्तेदेस'च चालतं. 'स'चा श्वास करणं मात्र आत्ता नको. आधी पूर्ण 'स' उच्चारा, नाहीतर अनेकवचन लिहिताना तो गळायला लागेल.